मीड: मधाच्या वाइनचा शब्द नेमका कुठे वापरायचा

मीड म्हणजे मधात पाणी मिसळून यीस्टने आंबवलेलं पेय. १ किलो मधाला ३ लिटर पाणी धरलं आणि सगळी साखर आंबली, तर अल्कोहोल १२ टक्क्यांच्या आसपास जातं. खुलासा करायचा तर ‘मधाची वाइन’ म्हणा. ‘मधाची दारू’ म्हटलं की भट्टी आठवते, आणि मीड काही भट्टीवर गाळत नाहीत.

शब्द वाइन, बीअरसारखा स्त्रीलिंगी चालवा: ती मीड, मीडची बाटली. पहिल्या उल्लेखाला कंसात ‘मधाची वाइन’ घालाच. नुसतं ‘मीड’ वाचून गाण्यातली मींड समजणारे सांगलीत कमी नाहीत.

खरा घोळ महाबळेश्वरकडे होतो. मधाच्या बाटलीचं झाकण उघडताना फस्स झालं, वर फेस, आंबूस वास, की कुणीतरी म्हणतं, ‘मीड झाली.’ झाली नाही. तो आंबलेला मध, म्हणजे बिघडलेला माल. सातेरी या देशी मधमाशीचा मध मुळात पातळ. त्यात पोळ्यातल्या घरांवर मेणाची टोपी बसण्याआधीच तो काढला की पाण्याचा अंश २० टक्क्यांच्या वर जातो आणि मधातलंच यीस्ट कामाला लागतं. साखर इतकी दाट असते की ते फार पुढे जात नाही. आंबूसपणा येतो, मीड येत नाही. घरं बहुतेक बंद झाल्यावरच मध काढा, बाटलीत भरण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरने पाणी तपासा.

जुने शब्द जपून. ‘मध्वासव’ हे आयुर्वेदातलं औषध, चरकसंहितेत ते प्रमेहाच्या, म्हणजे लघवीच्या विकारांच्या, चिकित्सेत येतं. हॉटेलच्या मेन्यूत शोभणार नाही. ‘माध्वी’ मनुस्मृतीतल्या सुरेच्या, म्हणजे मद्याच्या, तीन प्रकारांपैकी एक, पण ती मधाची की मोहाच्या फुलांची, यावर टीकाकारांचं एकमत नाही. शिवाय टाइप करताना ती हमखास ‘माधवी’ होते. मधुपर्क तर आंबवलेला नसतोच: दही, तूप, मध. ‘मद्य’ शब्द मधापासून आला असंही लिहू नका, तो ‘मद्’ धातूचा. मीडचं खरं नातं ‘मधु’शी, दोघांचं मूळ एकच.

फळ घातलं की नाव बदलतं. पाचगणीची स्ट्रॉबेरी घातली तर मेलोमेल, तासगावची द्राक्षं घातली तर पायमेंट, दालचिनी-लवंग घातली तर मेथेग्लिन. मराठी पर्याय शोधत बसू नका, ‘स्ट्रॉबेरीची मीड’ पुरतं.

विकायला मीड करायची तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खालचा परवाना लागतो. मधविक्रीची कागदपत्रं त्याला चालत नाहीत.