धास्तावलेल्या मित्राला धीर देताना

सांगलीत २०१९ च्या महापुरानंतर पावसाची झड लागली की अनेकांच्या पोटात गोळा येतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी त्याच्या बरेच खाली असतानाही जो मित्र रात्रभर मोबाईलवर आकडे पाहत बसतो, त्याला ‘उगाच कशाला घाबरतोस?’ असे विचारू नये, कारण भीती अवाजवी आहे हे बहुधा त्यालाही ठाऊक असते आणि त्या प्रश्नाने तो केवळ ओशाळतो. त्याऐवजी शेजारी बसून, मध्येच न तोडता त्याचे ऐकावे. छाती धडधडू लागल्यास आपणही त्याच्याबरोबर सावकाश श्वास घ्यावा आणि सोडताना अधिक वेळ लावावा. आकडे दिवसातून दोनदाच, तेही सोबत पाहायचे, असे त्याच्या संमतीने ठरवावे. ‘काही होणार नाही’ असे दर तासाला सांगत राहिल्यास त्या दिलाशाचीच सवय लागते आणि धास्ती उलट वाढते. (हे पथ्य पाळणे धीर देणाऱ्यालाच अधिक जड जाते.) झोप, जेवण किंवा काम कित्येक आठवडे बिघडलेले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत येण्याची तयारी दाखवावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ऐकू आल्यास मात्र त्याला एकटे न सोडता तो फोन तत्काळ लावावा.