अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर: वरची कड नागमोडी दिसत असेल तर

इंदूरला आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये अल्ट्रा शॉर्ट थ्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं चित्र टाकणारा लेझर प्रोजेक्टर बसवला. खालच्या ओळी स्वच्छ, पण वरची कड नागमोडी. पंखा लावला की अक्षरं डुलायची. केबल बदलली, कीस्टोन (चित्राचा तिरकेपणा सरळ करणारी सेटिंग) फिरवून पाहिला. एक कोपरा सरळ झाला की दुसरा वाकडा. वैताग नुसता.

दोष गुंडाळीच्या पडद्याचा. हा प्रोजेक्टर भिंतीला खेटून, खालून तिरका प्रकाश टाकतो. जितकं वर, तितका कोन तिरका. त्यामुळे ३ मिलिमीटरचा फुगवटाही वर सेंटिमीटरभर दिसतो.

पडदा काढून सपाट मॅट बोर्ड ठोकला. (चकचकीत व्हाइटबोर्ड नको, त्यावर प्रकाश चमकतो.) मग कीस्टोन आणि वॉर्पिंग (चित्र जागोजागी ताणायची सेटिंग) शून्यावर. पाणसळ ठेवून प्रोजेक्टर समतल केला, दोन्ही टोकांपासून भिंतीचं अंतर टेपने मोजून सारखं केलं. चित्राचा आकार प्रोजेक्टर मागेपुढे सरकवूनच जमवला. अर्धा तास चालू ठेवला, कारण लेन्स तापली की फोकस सरकतो. त्यानंतर ग्रिड पॅटर्न (उभ्या-आडव्या रेघांचं चाचणी-चित्र) लावून, वरच्या कोपऱ्यांकडे बघत फोकस. उरलेला किरकोळ फरक तेवढा कीस्टोनने. जास्त ताणला की अक्षरं भुरकट होतात.