‘फक्त ५०० बनल्यात’ म्हणून भाव वाढत नाही: लिमिटेड सुपरकारच्या रिसेलमध्ये या चुका टाळा

कुठल्याही कारवाल्या ग्रुपवर लिमिटेड सुपरकारचा फोटो पडला की खाली एकजण तरी लिहितोच, भावा फक्त ५०० बनल्यात, घेऊन ठेव आणि विसरून जा, दहा वर्षांनी तिप्पट. यातलं काही अगदीच खोटं नाहीये, पण आकडा कमी म्हणजे भाव जास्त हे गणित इतक्या वेळा फसलंय की त्याच्यावर कोटी-दोन कोटी लावायच्या आधी जुनी उदाहरणं बघून घ्या.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: नुसता आकडा बघणं

फेरारी एफ४० आणि जॅग्वार एक्सजे२२०, दोन्ही साधारण एकाच काळातल्या. एफ४० आधी ४०० च बनवणार असं ठरलं होतं, मागणी बघून फेरारीने १,३०० च्या वर बनवल्या. एक्सजे२२० जेमतेम २८० च्या आसपास. म्हणजे जॅग्वार चार-पाच पट दुर्मिळ, मग भाव पण तिचाच जास्त हवा ना? उलटं आहे, आज चांगली एफ४० वीस लाख डॉलरच्या वर जाते आणि एक्सजे२२० तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते.

कारण? जॅग्वारने १९८८ च्या बर्मिंगहॅम मोटर शोमध्ये व्ही१२ इंजिन आणि फोर व्हील ड्राइव्हवाली गाडी दाखवली, लोकांनी ५० हजार पौंड डिपॉझिट भरलं, आणि १९९२ ला हातात आली ती टर्बोवाली व्ही६, रिअर व्हील ड्राइव्ह, वर किंमतपण फुगलेली, तोवर मंदी आली होती, मग गिऱ्हाईकं आणि कंपनी थेट कोर्टात. गाडी वाईट नव्हती हो, ताशी दोनशे मैलांच्या वर पळायची, पण पहिल्या दिवसापासून जी बदनामी चिकटली ती ३० वर्षं सुटली नाही. एफ४० मात्र कंपनीचा संस्थापक एन्झो फेरारी हयात असताना आलेली शेवटची गाडी, भिंतीवर पोस्टर लावून मोठी झालेली पोरं आता पैसेवाली झालीत आणि त्यांना तीच पाहिजे. किती बनल्या ते नंतर बघा, किती जणांना ती मनापासून हवीये ते आधी बघा.

आणि आकडा दगडावरची रेघ नसतो. २०१७ ची फोर्ड जीटी आधी ५०० म्हणाले, मग १,०००, मग २०१८ मध्ये १,३५०. मॅकलॅरेन एल्व्हाचं उलटं, ३९९ म्हणून जाहीर केली, घेणारेच कमी मिळाले म्हणून २४९ आणि शेवटी १४९. आकडा खाली आला म्हणून खूश होऊ नका, तो का खाली आला ते विचारा.

‘ऑन’ देऊन घेणं आणि लगेच विकायला काढणं

नवीन गाडी आली की पहिले काही महिने वेड्यासारखा भाव असतो, कारण रस्त्यावर पाच-दहाच आलेल्या असतात. तेव्हा ऑन, म्हणजे छापील किमतीच्या वरचे पैसे, देऊन घेतली की बाकीच्या गाड्या डिलिव्हर होईपर्यंत तो ऑन विरघळून जातो. मॅकलॅरेन सेना ५०० बनल्या, नाव फॉर्म्युला वनचा दिग्गज ड्रायव्हर आयर्टन सेनाचं, ट्रॅकवर राक्षस, तरी नंतर बऱ्याच छापील किमतीच्या खाली विकल्या गेल्या.

पटकन नफा काढायला जाल तर कॉन्ट्रॅक्ट आधी वाचा. फोर्डने जीटी दोन वर्षं विकायची नाही असं लिहून घेतलं होतं. कुस्तीवाला जॉन सीनाने लवकर विकली, फोर्डने २०१७ मध्ये त्याच्यावर केस टाकली आणि पुढच्या वर्षी ते प्रकरण मिटलं, त्यातली रक्कम चॅरिटीला गेली. कोर्टात ओढलं नाही तरी बहुतेक कंपन्या अशा माणसाला पुढच्या लिमिटेड गाडीच्या यादीतून गुपचूप काढून टाकतात, आणि या धंद्यात यादीत नाव असणं हीच खरी कमाई असते.

दुसऱ्या बाजूला लेक्सस एलएफए बघा. २०१० ते २०१२, ५०० गाड्या, अमेरिकेत ३ लाख ७५ हजार डॉलर. लोक म्हणाले लेक्ससला एवढे कोण देणार, आणि खरंच २०१७ मध्येसुद्धा अमेरिकन डीलरकडे काही नव्या कोऱ्या पडून होत्या. आज तीच गाडी मूळ किमतीच्या दुप्पट भाव सहज खाते, कारण तो यामाहाबरोबर बनवलेला व्ही१० आता परत कोणी बनवणार नाही. पण मधली ती पाच-सात वर्षं काढायची तयारी पाहिजे, लोनवर घेऊन हे जमत नाही.

ऑक्शनचा रेकॉर्ड म्हणजे आपल्या गाडीचा भाव समजणं

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीचच्या ऑक्शनला मॅकलॅरेनची ‘एफ१’ नावाची सुपरकार गेली २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला. बातमीत हाच आकडा. पण हातोडा पडला होता, म्हणजे शेवटची बोली होती, १ कोटी ८६ लाखांवर, वरचं सगळं ऑक्शन हाऊसचं कमिशन, जे घेणाऱ्याने भरलं. विकणाऱ्याकडून वेगळं कापतात ते अजून निराळं. आणि ती गाडी फक्त ३९० किलोमीटर चाललेली, टूलकिट-सामानासकट. तशी गाडी तुमच्याकडे नसेल तर तो आकडा तुमचा नाही. वेबसाइटवरच्या ‘आस्किंग प्राइस’वर तर जाऊच नका, मागायला काय जातंय.

भाव पडतो तेव्हा किती पडतो तेही लक्षात असू द्या. १९९० मध्ये फॉर्म्युला वन ड्रायव्हर नायजेल मॅन्सेलची एफ४० दहा लाख पौंडांना गेली असं सांगतात, मग फुगा फुटला आणि एफ४० त्याच्या कितीतरी खाली आली, परत तिथे पोचायला दोन दशकांहून जास्त लागली.

गाडी कपाटातल्या दागिन्यासारखी ठेवणं

मीटर कमी म्हणजे भाव जास्त, म्हणून गाडी चालवायचीच नाही असं ठरवणारे लोक असतात. दागिना पडून राहिला तर काही होत नाही, गाडीचं तसं नाही. एफ४० ची पेट्रोलची टाकी म्हणजे रबरी पिशवी, ती वापरली नाही तरी वयाने जाते आणि बदलायचा खर्च चांगलाच लागतो. मॅकलॅरेन एफ१ मध्ये तर दर पाच वर्षांनी ही पिशवी बदलायला इंजिन उतरवावं लागतं. सील सुकतात, ब्रेक फ्लुइड पाणी धरतं, टायर दिसायला नवे पण आतून दगड. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, गाडी बघायला गेलात की आधी वाकून तेच वाचा, मग इंटिरियरचं कौतुक करा.

हायब्रिडवाल्यांचं दुखणं वेगळं. पोर्शे ९१८ स्पायडर, ला फेरारी, या गाड्या उभ्या ठेवायच्या तर चार्जर लावूनच ठेवायच्या. मोठी बॅटरी एकदा खोलवर डिस्चार्ज झाली की ती बदलायच्या बिलात इथे फ्लॅट येईल. मर्सिडीज-एएमजी वन मध्ये फॉर्म्युला वनवरून आलेलं इंजिन, ते ५० हजार किलोमीटरला ओव्हरहॉल मागतं. पूर्ण इलेक्ट्रिक हायपरकारची तर अजून वेगळीच गंमत, रिमाक नेव्हेरा १५० बनवायच्या होत्या, पण २०२४ मध्ये कंपनीचा संस्थापक मेट रिमाकनेच सांगितलं की या थरातल्या गिऱ्हाइकाला इलेक्ट्रिक नकोय. माझं मत विचाराल तर आजच्या घडीला आवाज आणि हाताने टाकायचा गिअर याला जास्त पैसे मिळतात, फेरारी ५९९ मॅन्युअल जेमतेम ३० बनल्या आणि त्या ऑटोवाल्या ५९९ च्या कित्येक पट भावाने जातात. नंतर मॅन्युअलमध्ये कन्व्हर्ट केलेली कोणी खपवायला बघतो, फॅक्टरीचा बिल्ड रेकॉर्ड मागा, तिथेच कळतं.

काहीतरी आधीच बिघडलंय, आता काय?

सर्व्हिस रेकॉर्डमध्ये चार-पाच वर्षांचं भगदाड असेल तर घाबरून विकू नका. त्या काळातला डीलर किंवा वर्कशॉप शोधा, जुनी बिलं कॉम्प्युटरवर निघतात बऱ्याचदा, नाहीतर आता पूर्ण मेजर सर्व्हिस करून त्याचे फोटो-बिलं फाईलला लावा. फेरारी असेल तर क्लासिके सर्टिफिकेट काढा, इंजिन-गिअरबॉक्स मूळचेच आहेत हे कंपनीनेच लिहून दिलं की घेणाऱ्याचं तोंड बंद. टूलकिट, बॅगा, दुसरी चावी, पुस्तकं हरवली असतील तर आत्तापासूनच शोधायला लागा, विकायच्या आठवड्यात मिळत नाहीत आणि घेणारा बरोब्बर तिथेच भाव तोडतो.

अपघात झाला असेल तर लपवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. पेंटची जाडी मोजायचं मशीन आता प्रत्येक एजंटच्या खिशात असतं. रोवन ॲटकिन्सनने, म्हणजे आपल्या मिस्टर बीनने, स्वतःची मॅकलॅरेन एफ१ दोनदा ठोकली, दुसऱ्या वेळी २०११ मध्ये रिपेअरचं बिल ९ लाख १० हजार पौंड, तेव्हाचा ब्रिटनमधला रेकॉर्ड. ४० हजार मैलांच्या वर चाललेली, दोनदा ठोकलेली, सगळ्या जगाला माहीत असलेली गाडी, आणि २०१५ मध्ये ८० लाख पौंडांना गेली. काम कंपनीने केलं होतं आणि सगळं कागदावर होतं. तीच रिपेअर कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गपचूप केली असती तर?

पोर्शे कॅरेरा जीटी घेत असाल तर सिरॅमिक क्लच किती उरलाय ते मोजून घ्या, आणि २०२३ मध्ये सस्पेन्शनच्या जॉइंटवरून पोर्शेने गाडी चालवूच नका असं सांगितलं होतं, ते काम झालंय का ते विचारा. नसेल झालं तर भाव पाडायला तेवढं पुरे.

आणि भारतात आणायचा विचार असेल तर

एफ४०, फेरारीचीच ‘एन्झो’ नावाची गाडी, ला फेरारी, कॅरेरा जीटी या सगळ्या डाव्या हाताच्या, आणि आपल्याकडे आयातीचा नियम उजव्या हाताचं स्टेअरिंग मागतो. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको हीपण अट आहे, वर ड्यूटी किमतीएवढी किंवा जास्तच. कार्नेवर, म्हणजे गाडी परत नेण्याच्या हमीवर मिळणाऱ्या तात्पुरत्या कागदावर, सहा महिन्यांसाठी आणून फिरवता येते, विकता येत नाही, कोणी ‘कार्नेवाली आहे, पेपर नंतर करू’ म्हणाला तर तिथून उठा. म्हणून दुबईतली स्वस्त दिसणारी गाडी मुंबईच्या भावाशी लावून नफा काढणारे हिशोब कागदावरच राहतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना जरा सोपं आहे, २५ वर्षं झाली की गाडी आत येते, आणि त्याआधी यायची असेल तर ‘शो ऑर डिस्प्ले’ची, म्हणजे मोजक्या खास गाड्या दाखवण्यासाठी आणायची, परवानगी, त्यात वर्षाला २,५०० मैलांची मर्यादा. विकत घ्यायच्या आधी गाडी त्या यादीत बसते का ते बघा, नाहीतर पैसे देऊन गाडी दुसऱ्याच देशातल्या भाड्याच्या गॅरेजमध्ये उभी आणि भाडं तुमच्या खिशातून.