बडोद्यात घर घेताय की विकताय? हे शब्द आधी समजून घ्या

आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांमधे हा घोळ हमखास होतो, घर घ्यायचं ठरलं की पुण्या-ठाण्याचे नातेवाईक फोनवर विचारतात साठेखत झालं का, रेडीरेकनर बघितलास का, ओसी आहे का, आणि इकडे मांजलपूरचा दलाल बोलत असतो बानाखत, जंत्री आणि बीयू. वस्तू बऱ्याचशा त्याच, नावं वेगळी. पण विचारायला लाज वाटते म्हणून माणूस मान डोलावतो. प्लीज तसं करू नका, आयुष्यभराची बचत असते हो.

बानाखत म्हणजे आपलं साठेखत. पुढे विकीन असा करार, बस. त्याने घर तुमचं होत नाही, ते होतं रजिस्टर्ड दस्तावेजाने म्हणजे खरेदीखताने. माझ्या मावशीने बानाखत नोटरी केलं आणि निर्धास्त झाली, पण त्यात दस्तावेज कधीपर्यंत करायचा, बाकी रक्कम कधी द्यायची आणि लोन नाही झालं तर बाना म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम परत मिळणार का, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. लोन अडकलं आणि दोन लाखांसाठी आठ महिने खेटे घातले. या तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि बिल्डरकडून रेरातल्या, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याखाली नोंदवलेल्या, प्रोजेक्टमधे घेत असाल तर रजिस्टर्ड करार करायच्या आधी तो किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त मागू शकत नाही, कायदाच आहे तसा.

आता एरिया, सगळ्यात जास्त फसगत इथेच. भावाला फ्लॅट दाखवला तेव्हा ब्रोशरवर 1350 फूट, भाव 45 लाख, म्हणजे साधारण 3333 रुपये फूट, स्वस्त वाटलं. हा सुपर बिल्टअप, त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज सगळ्यातला तुमचा वाटा धरलेला असतो. रेरा कार्पेट विचारलं तर निघालं 780. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून. त्या हिशोबाने भाव पडतो 5769 रुपये फूट! दोन स्कीम कंपेअर करताना कार्पेटवरच करा, दुसरा आकडा ऐकूच नका. प्लॉटचा भाव इथे वारात सांगतात, 1 वार म्हणजे 9 चौरस फूट, आणि कागदावर मात्र चौरस मीटर असतं, 1 चौरस मीटरचे 10.76 चौरस फूट.

जंत्री म्हणजे तुमचं रेडीरेकनर, जागेचा सरकारी दर. जंत्री आणि तुमची किंमत यात जे जास्त त्यावर स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के आणि वर रजिस्ट्रेशन 1 टक्का, म्हणजे 45 लाखांवर 2,20,500 अधिक 45,000. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर हा 1 टक्का माफ असतो, त्यामुळे वहिनींच्या नावावर घ्यायचा विचार जरूर करा. एप्रिल 2023 मधे जमिनीची जंत्री दुप्पट झालीय, तेव्हा त्याआधी घेतलेल्या शेजाऱ्यांचा हिशोब धरून बसू नका.

बीयू म्हणजे बिल्डिंग युज परमिशन, तुमची ओसी, इमारत वापरायची परवानगी. "आवी जशे" म्हणजे येईल हो, असं गोड बोलून कोणी चावी देत असेल तर घेऊ नका, कागद हातात बघा.

विकणाऱ्यांसाठी, खास करून दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची जुनी घरं असतील त्यांनी आधी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा. आमच्याकडे आई भिंग घेऊन ते वाचत बसली तर नाव आजोबांचंच! मग पेढीनामा म्हणजे वंशावळ करा, वारसांची नावं चढवा, आणि ज्यांना वाटा नकोय त्यांचं हक्क कमी करून घ्या, आपण हक्कसोडपत्र म्हणतो तेच. यात आत्यांची नावंही येतात, त्यांना गृहीत धरून पुढे जाऊ नका, आधी प्रेमाने घरी जाऊन बोला. आणि आपला भाग अशांतधाऱ्यात, म्हणजे अशांत भागातल्या मालमत्ता विक्रीवर बंधनं घालणाऱ्या कायद्यात, येतो का तेही बघा, येत असेल तर कलेक्टरची परवानगी आधी लागते, दस्तावेज नंतर.

गावाबाहेर प्लॉट घेणाऱ्यांनी सातबारा बघताना नवी शरत (म्हणजे अटीवर दिलेली जमीन) असं लिहिलंय का ते शोधा, असेल तर प्रीमियम भरून परवानगी घेतल्याशिवाय ती जमीन विकता येत नाही. एनए म्हणजे बिनशेती झालंय का तेही विचारा, खेडूत खातेदार म्हणजे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन मिळत नाही. टीपी स्कीममधे (सरकारी नगररचना योजनेत) असेल तर सर्व्हे नंबरऐवजी फायनल प्लॉट नंबर विचारा, जागा आणि माप दोन्ही बदलतात.

दस्तावेज झाला की इंडेक्स-2 ची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, कॉपी घ्या, नंतर प्रॉपर्टी कार्डावर नोंध पाडा, आणि वेराबिल (घरपट्टी) आणि लाइटबिलावरचं नाव त्याच महिन्यात बदलून टाका.