नव्या ब्रिटिश मतदारसंघाचा निकाल कसा वाचावा

आधी नाव नाही, सीमा तपासा. 2024च्या निवडणुकीपूर्वी पुनर्रचना झाली. पाच अपवाद सोडता प्रत्येक मतदारसंघात 69,724 ते 77,062 मतदार हवेत, अशी अट होती. हे आकडे मार्च 2020च्या यादीवरचे, त्यामुळे मतदानादिवशीची संख्या वेगळी दिसली तर गोंधळू नका.

आता वेव्हनी व्हॅली घ्या. नॉरफोक आणि सफोक या दोन काउंटींत पसरलेला हा नवा मतदारसंघ. ग्रीन पक्षाचे एड्रियन रॅम्से यांना 20,467, हुजूर पक्षाला 14,873 मते, मताधिक्य 5,594. इथवर सोपं.

घोळ होतो तो आधीच्या, 2019च्या निवडणुकीशी तुलना करताना. ब्रिटनमध्ये आपल्या लोकसभेसारखी मतदान केंद्रनिहाय मते जाहीर होत नाहीत, फक्त मतदारसंघाची बेरीज मिळते. म्हणून जुनी मते स्थानिक निवडणुकांच्या वॉर्डनिहाय निकालांच्या आधारे नव्या सीमांत वाटतात. हा ‘काल्पनिक निकाल’ अंदाजच. स्थानिक पातळीवर एखादा पक्ष उमेदवारच देत नसेल, तर अंदाज चुकू शकतो. तेव्हा ‘इतके टक्के मते फिरली’ हे दशांशापर्यंत सांगणाऱ्यावर फार विसंबू नका.

अनामत रक्कम 500 पौंड. वैध मतांच्या 5 टक्क्यांहून अधिक मते मिळाली तरच परत.