नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत दुकान टाकायचं तर

आधी बुटांखाली लावायचे खिळे घ्या, भांडवलाचं नंतर. पहिल्या हिवाळ्यात मी बर्फावर दोनदा आपटले, तेही गिऱ्हाइकासमोर!

एकट्यानं टोप्या-मोजे विकायला, माझ्यासारखी, एकल मालकीची नोंदणी पुरते. कंपनी काढायची तर किमान ३०,००० क्रोनर भागभांडवल लागतं. बारा महिन्यांत करपात्र विक्री ५०,००० क्रोनरपुढे गेली की व्हॅट नोंदणी आलीच, आणि ही रक्कम वाटते त्याच्या आधीच ओलांडली जाते.

नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. दुपारी थोडा निळसर उजेड, बस्स. म्हणून पाटीवर दिवा हवाच, कारण उत्तरप्रकाश (रात्रीच्या आकाशातले रंगीत झोत) बघायला पर्यटक याच दिवसांत येतात. उन्हाळ्यात मात्र रात्रीही उजेड, म्हणून झोपेसाठी जाड पडदे. रविवारी बहुतेक दुकानं बंद, दूध शनिवारीच आणा.