बॅग भरायची ती आठवड्याच्या हिशेबाने

इंग्लंडच्या एखाद्या चर्चमध्ये वर्षभर इंटर्नशिपला जायचं ठरलं, की आपल्या मंडळीत, म्हणजे इथल्या चर्चमध्ये, पहिला विषय निघतो थंडीचा. मावश्या स्वेटर सुचवतात, कोणी थर्मलचं दुकान सांगतं. थंडीची सोय तिथे गेल्यावर होते. चॅरिटी शॉपमध्ये वापरलेला पण धड कोट स्वस्तात मिळतो. तयारी करायची ती आठवड्याची. तिथे प्रत्येक वार तुझ्याकडून वेगळं काम मागणार आहे आणि त्यातली बरीच कामं मुंबईतच शिकता येतात.

आधी कागद उरकून घे, त्यांना वेळ लागतो. बिनपगारी सेवेसाठीचा चॅरिटी वर्कर व्हिसा जास्तीत जास्त १२ महिन्यांचा असतो आणि तिथून स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र आल्याशिवाय त्याचा अर्जच करता येत नाही. ६ महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर ठरवून दिलेल्या क्लिनिकमध्ये छातीचा एक्स-रे काढून टीबीचा दाखला घ्यावा लागतो. तो ६ महिनेच चालतो, म्हणून उत्साहाच्या भरात फार लवकर काढू नकोस. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी, अर्जाबरोबरच भरायचा असतो आणि रक्कम चांगलीच मोठी आहे. ती कोण भरणार, राहायचं कुठे, हातखर्चाला किती मिळणार, हे सगळं ईमेलवर लेखी विचारून घे. देवाच्या कामात पैशांचं कसं बोलायचं, हा आपला संकोच इथे महागात पडतो. पोलिस क्लिअरन्ससाठी, म्हणजे गुन्हा नसल्याच्या दाखल्यासाठी, पासपोर्ट सेवेच्या साइटवर अर्ज करायचा. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली असेल आणि घरचे भाड्याच्या जागेत असतील, तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा आधी तयार ठेव.

हा पोलिसांचा दाखला कशासाठी, ते मुलांच्या कामात कळतं. आठवड्यात एक सकाळ बहुधा टॉडलर ग्रुपची असते, म्हणजे आया, आज्या आणि जमिनीवर रांगणारी पोरं. शुक्रवारी संध्याकाळी शाळकरी मुलांचा युथ क्लब. तिथे मुलांसोबत काम करणाऱ्याची डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी होते, पण परदेशातला इतिहास तिच्यात दिसत नाही, म्हणून आपल्याकडचा दाखला मागतात. त्याहून अवघड आहे ते सवयी बदलणं. आपल्या संडे स्कूलमध्ये आपण पोराचा गाल ओढतो, नाताळच्या झाडाखाली सगळ्यांचा फोटो काढून लगेच ग्रुपवर टाकतो, पाऊस असला तर एखाद्याला स्कूटरवर घरी सोडतो. तिथे परवानगीशिवाय फोटो नाही, मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत बसणं नाही, परस्पर मेसेज नाही, गाडीतून एकट्याला नेणं नाही. यात तुझ्यावरचा अविश्वास शोधू नकोस; नियम पाळकालाही, म्हणजे पास्टरलाही, तेच आहेत. खरं तर आपल्याकडेही ते हवेत. जायच्या आधीचे दोन-तीन महिने संडे स्कूलमध्ये याच शिस्तीने वाग, म्हणजे तिथे गेल्यावर हात आपोआप आवरेल.

रविवारसाठी तीन गोष्टी. पहिली, इंग्रजी शास्त्रपाठ मोठ्याने वाचायचा सराव. बायबलमधली यहेज्केल, हबक्कूक ही पुस्तकं इंग्रजी नावाने पटकन सापडली पाहिजेत. दुसरी, तीन मिनिटांची साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं. आपल्याकडे साक्ष वीस मिनिटं चालते आणि कोणाची हरकत नसते; तिथे लोक घड्याळ बघतात. तिसरी म्हणजे चहा. उपासनेनंतरचा चहा-कॉफी हा तिथे सेवेचाच भाग आणि त्यात खुर्च्या लावणं, कप विसळणं सगळं आलं. तरुण संघातल्या ज्या मुलांनी घरी स्वतःचं ताटही उचललेलं नाही, त्यांनी या महिन्यापासून महिला मंडळाच्या हाताखाली राबावं.

चहाच्या कपाबरोबर एक प्रश्न हमखास येतो: तुझ्या घरचे ख्रिस्ती कधी झाले? विचारणारा बहुधा भला असतो, पण इंग्रजांच्या राज्यातच हे सगळं घडलं असावं असं त्याने धरलेलं असतं. उत्तर तयार ठेव. वसईत पोर्तुगीजांच्या काळापासून, सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती वस्ती आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा ब्रिटिश कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. आणि तुझी मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असेल तर २९ नोव्हेंबर १९७० ही तारीख लक्षात ठेव: त्या दिवशी नागपुरात सहा वेगवेगळे पंथ एक झाले. घरातल्या मोठ्यांना विचारून आपल्या कुटुंबाची हकीकतही लिहून ने. आजीकडे जे आहे ते पुस्तकात मिळणार नाही.

मधल्या वारांचं थोडक्यात. स्टाफ मीटिंग म्हटली की वही आणि वेळेवर पोचणं. पाळकालाही सगळे पहिल्या नावाने हाक मारतात, तू पाळकसाहेब म्हणत राहशील तर फक्त हसतील. अभ्यासाच्या दिवसाला लॅपटॉप. ज्येष्ठांच्या जेवणाला सावकाश, स्पष्ट बोलणं. संध्याकाळचा बायबल अभ्यास कोणाच्या तरी घरी असतो आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून घरात घालायचे चांगले मोजे आणि वाऱ्याला टिकणारं जाकीट हवं. छत्रीवर भिस्त नको.

खाण्याच्या पिशवीत मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नकोत, ते नेता येत नाहीत. म्हणजे पेढे आणि तूप घरीच. मसाला, चटण्या, चकल्या न्याव्यात. सुक्या बोंबलांबद्दल एवढंच, की तू कोणाच्या तरी घरात राहणार आहेस. चार्जर आपलेच चालतात, तीन चपट्या पिनांचा अडॅप्टर मात्र लागतो.

सुटीचा वार चर्चप्रमाणे बदलतो, पुष्कळदा सोमवार. तो कोणाला देऊ नकोस, कितीही प्रेमाने मागितला तरी. कपडे धू, झोप, ट्रेनने कुठे तरी जा. घरच्या फोनसाठी हाच दिवस ठरव: हिवाळ्यात तिथे दुपारचे दोन म्हणजे मुंबईत संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. आई-पप्पांना रविवारी फोन करू नका असं जायच्या आधीच सांग, त्या दिवशी तू उचलणार नाहीस आणि ते रात्रभर जागतील.